डंबेलला घराघरांत नेणारे युजेन सँडो

बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकला भारतात आजही ‘सँडो’ म्हटले जाते. हे नाव ज्यांच्यावरून रूढ झाले, त्या युजेन सँडो यांचा जन्म २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग, म्हणजे आजच्या रशियातील कालिनिनग्राड येथे झाला. त्यांचे मूळ नाव फ्रेडरिक म्युलर.

सर्वांना उघड आव्हान देणाऱ्या सॅम्पसन या बलवानाला १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर हरवून ते प्रकाशात आले. १८९३ मध्ये शिकागोत त्यांच्या प्रयोगांचे व्यवस्थापक फ्लोरेन्झ झिगफेल्ड यांनी एक गोष्ट हेरली : प्रेक्षकांची नजर वजनांपेक्षा वजन उचलणाऱ्या देहावर अधिक खिळते. तेव्हापासून अंगाला पांढरी पूड लावून ग्रीक शिल्पासारखे निश्चल उभे राहणे हाही सँडो यांच्या प्रयोगाचा भाग झाला.

त्यांचे टिकाऊ काम मात्र रंगमंचाबाहेरचे आहे. १८९७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली आणि कारकून, दुकानदार अशा बैठ्या माणसांच्या हाती अवघ्या काही पौंडांचे डंबेल दिले. त्यांच्या खास डंबेलची मूठ उभी दुभंगलेली असून दोन भागांमध्ये स्प्रिंगा असत. पकड सैल पडली की मूठ उघडे. त्यामुळे हात वर-खाली होत असताना मनही स्नायूवरच ठेवावे लागे. ताकद वाढली की स्प्रिंगा वाढवायच्या. स्वतः सँडो मात्र अवजड वजने उचलत. एवढ्याशा डंबेलने असा देह घडतो काय, ही टीकाकारांची शंका निराधार म्हणता येणार नाही. हे डंबेल हा त्यांचा व्यापारही होता.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली. परीक्षकांत लेखक आर्थर कॉनन डॉयल होते. केवळ आकारमानाला नव्हे, तर प्रमाणबद्धतेला गुण होते. १९०४-०५ मध्ये सँडो भारतात आले. जोर-बैठका आणि मुद्गल फिरवण्याची परंपरा असलेल्या या देशाला बलोपासना नवी नव्हती. नवे होते ते आखाड्याविना, घरच्या खोलीत करता येणाऱ्या व्यायामाचे तंत्र.

१९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांनी त्यांना व्यायामशिक्षक म्हणून मानाचे पद दिले. पुढे महायुद्धाच्या काळात जर्मन मूळ त्यांना जाचले आणि त्यांचा कोकोचा उद्योग बुडाला. १४ ऑक्टोबर १९२५ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मिस्टर ऑलिम्पियाच्या विजेत्याला आज त्यांचीच मूर्ती दिली जाते. पटनी व्हेल दफनभूमीतील त्यांच्या कबरीवर मात्र, पत्नीच्या इच्छेनुसार, कित्येक दशके नावाचा दगडही नव्हता.