अगुलेरी गांवचे धन्यवादित सिप्रियन तान्सी

साधुसंतांचीं चरित्रें वाचावयाचीं तीं केवळ नवल वाटावें म्हणून नव्हे; आपल्या घरांत व गांवांत जीं दुखणीं आहेत त्यांवर कांहीं उतारा सांपडावा, म्हणूनहि तीं वाचावयाचीं असतात. या हेतूनें आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं आम्ही वाचकांपुढें एका आफ्रिकन धर्मगुरूचें चरित्र ठेवीत आहों. आईबापांनीं ठेविलेलें नांव जन्मभर आचरणांत आणणारा असा पुरुष विरळाच.

नायजेरिया देशांत, ओनित्शा शहराच्या उत्तरेस, ओमाम्बाला नदीच्या परिसरांत अगुलेरी हें इग्बो लोकांचें गांव आहे. पूर्वीं ही भूमि नुसती दलदल होती. तेव्हां परमेश्वरानें एरी नांवाच्या पुरुषास आकाशांतून खालीं धाडिलें आणि औका गांवच्या एका लोहारानें भात्याच्या वाऱ्यानें जमीन कोरडी केली, अशी त्यांची जुनी कथा आहे. या एरीचीच संतति आपण, असें अगुलेरी व शेजारचें उमुलेरी हीं दोन्ही गांवें मानितात. कोनफळाच्या जातीचा मोठा कंद हें त्यांचें मानाचें पीक. नव्या हंगामाचा कंद देवास व पूर्वजांस अर्पण केल्यावांचून कोणी चाखीत नसे. पाहुणा आला कीं त्याच्यापुढें कोलाचें फळ ठेवावयाचें, वडील पुरुषानें तें हातीं घेऊन प्रार्थना करावयाची, मग फोडून सर्वांनीं वाटून खावयाचें, हा त्यांचा शिष्टाचार. आपल्याकडे पानसुपारीचा जो मान, तोच तेथें कोलाचा. मात्र तेथें प्रार्थनेवांचून तें फळ फोडीत नाहींत.

मुलाचें नांव ठेवण्याची रीतहि अशीच अर्थपूर्ण आहे. इग्बो नांव हें पुष्कळदां एक संपूर्ण वाक्य असतें. त्यांत कधीं प्रार्थना असते, कधीं कृतज्ञता, तर कधीं भोगलेल्या दुःखाची आठवण.

१९०३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत अगुलेरीच्या ताबान्सी व एजिक्वेव्ही या शेतकरी दांपत्यास पुत्र झाला. ताबान्सी यांस पूर्वीं रॉयल नायजर कंपनीनें ओलीस म्हणून धरून ठेविलें होतें. तो अन्याय ते विसरले नव्हते; पण मुलाचें नांव त्यांनीं सुडाचें ठेविलें नाहीं. त्यांनीं तें इवेगबुने असें ठेविलें. क्रोधानें घात न होवो, असा त्याचा भाव. पुढें त्याचेंच इवेने असें लहान रूप झालें.

आईबाप पूर्वजांचा धर्म पाळणारे होते. मुलास मात्र त्यांनीं लहानपणींच ख्रिस्ती आप्तांकडे शिक्षणासाठीं पाठविलें. ७ जानेवारी १९१२ रोजीं त्यास स्नानसंस्कार होऊन मायकेल हें नांव मिळालें. मुलांच्या चिखलफेकीच्या खेळांत त्याच्या एका डोळ्याची दृष्टि कायमची गेली. तरी अभ्यासांत तो मागें राहिला नाहीं. ओनित्शा येथें शिक्षण घेऊन तो तेथेंच शिक्षक झाला.

१९२२ सालीं त्या तरुण शिक्षकावर मोठाच आघात झाला. अगुलेरींत कांहीं माणसें दगावलीं आणि त्याचा दोष देवऋष्यानें एजिक्वेव्हीबाईंवर ठेविला. चेटकाचा संशय आलेल्या माणसास विष पाजण्याची भयंकर चाल तेव्हां होती. तिला त्या निरपराध माउलीचा बळी पडला. ज्या गांवांत पाहुण्यासाठीं प्रार्थना करून फळ फोडीत, त्याच गांवांत भीतीपोटीं हें घडलें. क्रोधास याहून मोठें कारण तें कोणतें असावें? पण मायकेलनें गांवाचें वैर धरिलें नाहीं. १९२४ सालीं तो अगुलेरीच्याच शाळेंत मुख्याध्यापक म्हणून आला आणि मारेकऱ्यांच्या गांवचीं मुलें शिकवूं लागला.

त्यानें व्यापारांत पडून भावंडांस हातभार लावावा, अशी घरच्यांची इच्छा होती. ती बाजूस सारून १९२५ सालीं तो इग्बारियाम येथील गुरुविद्यालयांत दाखल झाला. १९ डिसेंबर १९३७ रोजीं ओनित्शा येथें बिशप हीरी यांच्या हस्तें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १९३९ पासून दुनुकोफिया येथें त्यांनीं स्वतःच्या हातांनीं इमारती उभारण्यास मदत केली व मुलींस विवाहापूर्वीं शिक्षण देण्याची सोय केली. अशुभ मरण आलेल्यांचीं प्रेतें व जुळीं अर्भकें ज्या रानांत टाकीत, त्या रानाची लोकांस मोठी धास्ती वाटे. फादर तान्सी पवित्र पाणी घेऊन, प्रार्थना करीत, त्या शापित रानांत शिरले, आणि लोकांच्या मनांतील भीति ओसरूं लागली. याच काळांत, १ नोव्हेंबर १९४१ रोजीं, त्यांनीं ज्या नऊ वर्षांच्या मुलास स्नानसंस्कार दिला, तो पुढें कार्डिनल फ्रान्सिस अरिंझे म्हणून जगास ठाऊक झाला.

१९४९ सालीं त्यांची नेमणूक पुन्हां अगुलेरीस झाली. ज्या गांवानें त्यांची आई हिरावून घेतली, त्याच गांवच्या लोकांचीं पापनिवेदनें ऐकणें आणि त्यांस क्षमेचा संस्कार देणें आतां त्यांच्याकडे आलें. आमच्या मतें त्यांच्या चरित्राचा कळस तो हाच.

१९५० सालीं ते इंग्लंडांत लेस्टरशायर परगण्यांतील माउंट सेंट बर्नार्ड या सिस्टर्शियन मठांत गेले. ध्यानमय जीवनाचा मठ मायदेशीं स्थापावा, ही त्यांची आस होती. तेथें सिप्रियन हें नांव घेऊन ते मौनांत राहिले, आणि धर्मगुरु असूनहि त्यांनीं भोजनगृहांतलीं व पुस्तकबांधणीचीं साधीं कामें केलीं. पुढें १९६३ सालीं नवा मठ नायजेरियांत न स्थापतां कामेरून देशांत स्थापण्याचें ठरलें. ही निराशाहि त्यांनीं आज्ञाधारकपणें गिळली. तेथें जाण्यापूर्वींच, २० जानेवारी १९६४ रोजीं, लेस्टर येथील रुग्णालयांत ते देवाघरीं गेले. १९८६ सालीं त्यांच्या अस्थि ओनित्शा येथें आणण्यांत आल्या, आणि २२ मार्च १९९८ रोजीं ओबा येथें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें.

येथें लेखणी थांबविली तर चरित्र गोड होईल, पण पुरें होणार नाहीं. अगुलेरी व उमुलेरी या भावकीच्या दोन गांवांत जमिनीवरून १९९५ सालीं भयंकर लढाई झाली होती. आणि धन्यवादितांच्या घोषणेस पुरतें दीड वर्षहि झालें नाहीं, तोंच १९९९ सालीं ती पुन्हां पेटली. माणसें मेलीं, घरें जळालीं. गांवांत साधुपुरुष निपजला म्हणून गांव आपोआप साधु होत नाहीं, हें यावरून दिसतें. ताबान्सींनीं केलेली प्रार्थना त्यांच्या पुत्रानें आपल्यापुरती पुरी केली. बाकीच्यांनीं ती ज्याची त्यानें पुरी करावयाची आहे.

आम्हांसहि बांधावरून व वाटणीवरून भाऊबंदांशीं अबोला धरण्याची संवय आहे. महोत्सवाच्या मिस्सेस जाण्यापूर्वीं प्रत्येकानें आपला एक तरी अबोला सोडिला, तर या चरित्राचें वाचन सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं. २० जानेवारी हा धन्यवादित सिप्रियन तान्सी यांचा स्मरणदिन आहे. त्या दिवशीं त्यांची मध्यस्थी मागावी, आणि क्रोधानें आमच्याहि घरीं कोणाचा घात न होवो, असें देवापाशीं मागणें करावें.