हाडांची भाषा जाणणारा शास्त्रज्ञ

फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ माँबेल्यार नावाचे गाव आहे. तेथे २३ ऑगस्ट १७६९ रोजी जॉर्ज क्यूव्हिए याचा जन्म झाला. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. घरची परिस्थिती बेताची. जॉर्जची प्रकृती लहानपणी नाजूक होती. आईनेच त्याला वाचायला व चित्रे काढायला शिकवले. बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाचे ग्रंथ हाती पडताच त्याला प्राण्यांचे वेडच लागले. त्यांतील चित्रे तो कागदावर उतरवून घेई आणि वर्णन वाचून ती रंगवी.

स्टुटगार्ट येथे शिक्षण पुरे झाल्यावर त्याने चरितार्थासाठी नॉर्मंडीतील एका कुटुंबात शिक्षकाची नोकरी धरली. समुद्र जवळच होता. फावल्या वेळात समुद्रकाठचे प्राणी गोळा करावेत आणि त्यांच्या शरीराची रचना बारकाईने पाहावी, असा त्याचा क्रम असे. हळूहळू त्याची कीर्ती पॅरिसपर्यंत पोहोचली आणि १७९५ मध्ये तेथील निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात त्याला काम मिळाले.

प्राण्यांची एखादी जात समूळ नाहीशी होऊ शकते, हे त्या काळी पुष्कळ विद्वानांनाही पटत नसे. जमिनीत अनोळखी हाडे सापडली, तर तो प्राणी दूरच्या अज्ञात प्रदेशात अजून हिंडत असेल, असे म्हणून लोक समाधान मानीत. सायबेरियात हत्तीसारखी प्रचंड हाडे सापडत. १७९६ मध्ये क्यूव्हिएने हत्तींचे दात व जबडे ताडून पाहिले. भारतातील हत्ती व आफ्रिकेतील हत्ती या दोन निराळ्या जाती आहेत आणि सायबेरियातील मॅमथ या दोहोंहून वेगळा आहे, असे त्याने दाखवले. एवढा अवाढव्य प्राणी जिवंत असता, तर तो माणसाच्या नजरेतून सुटला नसता. तेव्हा त्याची जात नष्टच झाली असली पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष होता.

प्राण्याचा प्रत्येक अवयव इतर अवयवांशी जुळणारा असतो, हे त्याचे मुख्य सूत्र होते. पॅरिसजवळच्या जिप्समच्या खाणीत एकदा एक लहानसा सांगाडा सापडला. त्याचा काही भाग दगडात दडलेला होता. दात व जबडा पाहून हा पोटाला पिशवी असणारा प्राणी आहे, असे क्यूव्हिएने ओळखले. तसे असेल, तर पिशवीला आधार देणारी दोन हाडे दगडात असलीच पाहिजेत. त्याने साक्षीदारांदेखत दगड कोरला आणि ती हाडे खरोखरच दिसली!

खडकांचे थर तपासताना त्याला कोठे समुद्रातील, तर कोठे गोड्या पाण्यातील शिंपले आढळले. त्यावरून पृथ्वीवर वेळोवेळी मोठे उत्पात झाले व त्यांत प्राण्यांच्या जाती नाहीशा झाल्या, असे त्याचे मत बनले. मात्र एका जातीतून दुसरी जात उत्पन्न होते, हे त्याने कधीच मानले नाही. तेथे तो चुकला, हे पुढे विज्ञानाने दाखवले.

इंग्लंडमध्ये सापडलेला एक दातही त्याने प्रथम गेंड्याचा ठरवला होता. पण पुन्हा विचार केल्यावर तो वनस्पती खाणाऱ्या प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचा असावा, असे त्याला वाटले. एवढ्या कीर्तीच्या शिखरावर असूनही त्याने आपली चूक मोकळेपणाने कबूल केली. तो दात इग्वानोडॉनचा, म्हणजे एका डायनोसॉरचा होता.

१३ मे १८३२ रोजी क्यूव्हिए मरण पावला. डायनोसॉर हे नाव त्यानंतर दहा वर्षांनी रूढ झाले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते का नाहीसे झाले, याचा शोध पुढे अनेकांनी घेतला. १९८० मध्ये लुई अल्वारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पृथ्वीवर आदळलेल्या प्रचंड अशनीमुळे हा संहार झाला, असे मांडले. पुढे मेक्सिकोत त्या आघाताचे विशाल विवरही ओळखले गेले. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हारसाचे लोट वाहत होते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्यांतूनच बनला. त्या उद्रेकांचाही या संहारात वाटा असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. या साऱ्या शोधाची वाट मात्र मूक हाडांना बोलते करणाऱ्या क्यूव्हिएने दाखवली होती.