बर्था आणि ब्रेकचं चामडं

घाट उतरणाऱ्या मालवाहू पिकअपच्या चाकांतून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला, की अनुभवी ड्रायव्हर कान टवकारतो. आवाज बारीक आणि कर्कश असेल तर लायनर झिजत आला असेल, नाहीतर तापून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, असा पहिला संशय. तोच आवाज खरखरीत झाला, तर लायनर संपला आणि लोखंड लोखंडावर घासू लागलं असं समजायचं. मग गाडी पुढे दामटायची नाही. मेकॅनिक चाक उतरवतो, साचलेली धूळ पुसतो, ड्रमवर चरे पडलेत का ते पाहतो आणि नवा लायनर बसवतो. झिजायचंच असेल तर स्वस्तातली, बदलता येणारी वस्तू झिजावी, एवढीच या दुरुस्तीमागची अक्कल. मोटारीच्या इतिहासात ती जिच्या नावावर जमा आहे, ती इंजिनिअर नव्हती. तिचं नाव बर्था बेंझ.

जर्मनीतलं प्फोर्झहाइम हे दागिन्यांच्या कारागिरीसाठी नावाजलेलं गाव. तिथे ३ मे १८४९ रोजी बर्था रिंगर जन्मली. वडील बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळवलेले. घरच्या बायबलमध्ये मुलांचे जन्म टिपण्याची रीत होती. बर्थाच्या नोंदीत, पुन्हा मुलगीच झाल्याची खंत बापाने लिहून ठेवली. अशा नोंदी आपल्याकडेही कमी नाहीत, फक्त आपण त्या कागदावर करत नाही.

कार्ल बेंझ हा बुद्धिमान, पण व्यवहारात कच्चा तरुण. मॅनहाइममधल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये भागीदाराशी पटेना. तेव्हा, लग्नाला अजून अवकाश असताना, बर्थाने आपला हुंडा आधीच मागून घेतला आणि त्यातून १८७१ साली भागीदाराचा हिस्सा सोडवला. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेला मी माणूस; तारण नाही, जामीनदार नाही, धंदा तोट्यात, असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. २० जुलै १८७२ रोजी लग्न झालं. त्यानंतर कायद्याने तिच्या पैशाचा कारभारही नवऱ्याच्या हाती गेला.

पुढची काही वर्षं ओढगस्तीची. १८७९ च्या शेवटच्या रात्री, जेवणं झाल्यावर, बंद पडलेलं इंजिन पुन्हा एकदा चालवून पाहू, असं बर्थानेच सुचवलं. ते चाललं. दोघं तासभर नुसता त्याचा आवाज ऐकत उभी होती, असं कार्लने आठवणींत नमूद केलं आहे.

२९ जानेवारी १८८६ ला तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला, अर्थात कार्लच्या नावाने. पण गिऱ्हाईक फिरकेना. बिनघोड्याच्या गाडीवर कोण विश्वास ठेवणार? आणि कार्ल तर सुधारणा करण्यातच गुंतलेला. घरची सारी पुंजी त्या तीन चाकांवर उभी होती.

ऑगस्ट १८८८. मुलांना सुट्टी होती. नवऱ्याला न सांगता बर्था पहाटे युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन गाडीत बसली आणि माहेरची वाट धरली. शंभरावर किलोमीटर अंतर. इंधन जेमतेम साडेचार लिटर मावणार. विस्लोख गावी तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला ते विकत. नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन कामी आली, उघड्या पडलेल्या तारेला मोज्याचा पट्टा. साखळीसाठी लोहार गाठला. पाणी तर वारंवार भरावं लागे, आणि चढ आला की उतरून ढकलायचं.

खरी परीक्षा मात्र उतारावर होती. चढावर गाडी अडली तर माणूस दमतो. उतारावर थांबली नाही तर जीव जातो, आणि इथे सोबत दोन पोरं. ब्रेकचे ठोकळे घासून झिजत चालले होते. नवे ठोकळे कुठून आणायचे? प्फोर्झहाइमच्या अलीकडे बाउश्लोट गावात तिने मोची शोधला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामड्याची पकड चांगली, झिजलं तर दुसरा तुकडा लावता येतो, आणि ठोकळा शाबूत राहतो. पुढे चामड्याच्या जागी विणलेलं कापड आलं, मग ॲस्बेस्टॉस. त्याने फुप्फुसं खराब होतात हे कळल्यावर अनेक देशांनी तेही टाकलं. जागा तीच राहिली.

संध्याकाळी माहेरी पोचल्यावर तिने कार्लला तार केली. काही दिवसांनी ती गाडी चालवतच परतली, आणि चढ नीट चढता यावा म्हणून गाडीला आणखी एक गिअर बसवला गेला. त्याच सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९९ साली बेंझ कंपनीने ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा जगात तिच्याहून मोठा मोटार कारखाना नव्हता.

कार्ल १९२९ साली गेला. बर्था लाडेनबुर्गच्या घरी पुढची पंधरा वर्षं राहिली. ३ मे १९४४ ला, ९५ व्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकला त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने तिला सन्माननीय सिनेटर केलं. दोन दिवसांनी, ५ मे रोजी, ती वारली.