फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल : सभा, निबंध आणि वाद

चर्चासत्रात अभ्यासकाने निबंध वाचावा, उपस्थितांनी त्यावर शंका काढाव्यात आणि पुढे तो निबंध मुद्रित व्हावा, ही रीत आज आपल्या परिचयाची आहे. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात ती रुजवण्याचे मोठे श्रेय फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल यांच्याकडे जाते. त्यांच्या उमेदीच्या काळात ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषयच नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. विद्यापीठांनी जे केले नाही, ते लंडनमधील मंडळांनी केले.

फर्निव्हल यांचा जन्म १८२५ मध्ये सरे परगण्यातील एगम येथे झाला. वडील शल्यचिकित्सक होते. लंडन व केंब्रिज येथील शिक्षणानंतर ते बॅरिस्टर झाले, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीचे चिटणीसपद मात्र त्यांनी १८५३ पासून अखेरपर्यंत सांभाळले. पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणून प्रसिद्ध झालेल्या कोशाचे काम काही वर्षे त्यांच्या हाती होते. त्या कामातच जुने इंग्रजी ग्रंथ छापील स्वरूपात मिळत नाहीत, ही अडचण तीव्रतेने जाणवली. १८६४ मध्ये अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी निघाली ती या गरजेतून. सभासदांनी वर्षाला एक गिनी द्यावी आणि त्या पैशातून हस्तलिखिते संपादून छापावीत, अशी तिची व्यवस्था होती. १८६८ मध्ये चॉसर सोसायटी, १८७३ मध्ये न्यू शेक्सपिअर सोसायटी, १८८१ मध्ये ब्राउनिंग सोसायटी आणि १८८६ मध्ये शेली सोसायटी अशी मालिकाच पुढे सुरू झाली.

यांतील न्यू शेक्सपिअर सोसायटीची हकीकत विशेष बोधक आहे. मार्च १८७४ मधील पहिल्याच सभेत एफ. जी. फ्ले यांनी छंदाच्या कसोट्यांवर निबंध वाचला. यमकयुक्त ओळी किती, जादा अक्षराने संपणाऱ्या ओळी किती, हे मोजून शेक्सपिअरच्या नाटकांचा कालक्रम ठरवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. फर्निव्हल यांना ही पद्धत शास्त्रीय वाटली. कवी स्विनबर्न यांना मात्र ती असह्य झाली. काव्य कानाने पारखावे, बोटांनी मोजू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी अशा सभेच्या वृत्तांताचे विडंबनच लिहिले. दोघांचे म्हणणे अंशतः खरे होते. मोजणीने कालक्रमाला आधार मिळतो, पण ओळीचे सौंदर्य तिच्या हाती लागत नाही. फर्निव्हल हे शांतपणे ऐकून घेणारे नव्हते. वाद एकमेकांच्या आडनावांची विटंबना करण्यापर्यंत घसरला. १८८१ मध्ये ज्येष्ठ शेक्सपिअर-अभ्यासक हॅलिवेल-फिलिप्स यांच्यावरही त्यांनी अशोभनीय शब्दांत टीका केली, तेव्हा अनेक प्रतिष्ठित सभासद राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वतःच उभारलेले व्यासपीठ त्यांनी स्वतःच्या लेखणीने खिळखिळे केले, असे म्हणणे भाग आहे.

तरीही त्यांच्या सभांचे दार फार रुंद होते, आणि हा गुण उपेक्षिण्याजोगा नाही. कामगारांसाठी १८५४ मध्ये स्थापन झालेल्या वर्किंग मेन्स कॉलेजात ते संध्याकाळी व्याकरण व साहित्य शिकवीत, विद्यार्थ्यांना सहलींना नेत. त्यांच्या मंडळांत सभासद होण्यासाठी पदवीची अट नव्हती. ब्राउनिंग सोसायटीची स्थापना तर त्यांनी एमिली हिकी या कवयित्रीच्या सहकार्याने केली. तेही ब्राउनिंग हयात असताना. हयात कवीच्या काव्याचा अर्थ लावण्यासाठी सभा भरवावी, याची वृत्तपत्रांनी पुष्कळ थट्टा केली. शेली सोसायटीने १८८६ मध्ये ‘द चेंची’ या नाटकाचा खासगी प्रयोग केला, कारण सार्वजनिक प्रयोगास परवानगी मिळत नव्हती.

म्हातारपणीही फर्निव्हल थेम्स नदीवर नाव वल्हवीत. १८९६ मध्ये त्यांनी हॅमरस्मिथ येथे मुलींसाठी नौकाविहाराचा क्लब काढला. १९१० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीच ब्राउनिंग व शेक्सपिअर मंडळांच्या सभा बंद पडल्या होत्या. अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी मात्र आजही ग्रंथ प्रकाशित करते.