अळंबीचं पाकीट आणि आघारकर सर

पावसात अलिबाग-पेणच्या बाजारात पानावर मांडलेली रानअळंबी दिसली की तुम्ही आधी फोटो काढता, मग भाव विचारता. पण ती कुठल्या वारुळावर उगवली, कोणत्या तारखेला? संध्याकाळपर्यंत अळंबी मऊ पडते, ही माहितीही तिच्यासोबत जाते. नुसत्या फोटोवरून जात पक्की ठरवणं अवघड, त्यासाठी सुकवलेला नमुना लागतो.

असे नमुने पुण्यात जपलेत, आणि त्या संस्थेमागचा माणूस आपल्या कोकणातलाच. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म १८८४, मालवण. मुंबईत शिकवता शिकवता ते सह्याद्री पालथा घालायचे. १९११ मध्ये तर त्यांना घाटातल्या नदीत चक्क गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला! पुढे कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, शिकायला बर्लिनला गेले आणि तिथेच पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजा म्हणून जर्मनांनी त्यांना कैदेत टाकलं. तरी १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवलीच. (आपला मूड एका केटीने जातो.)

१९४६ मध्ये, साठी उलटल्यावर, पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. १९६० मध्ये ते गेले. आज संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे. ते स्वतः झाडांचे अभ्यासक, बुरशीचे नव्हेत. तिथला बुरशीसंग्रह आजरेकरांच्या नावाने आहे. अशा संग्रहात नमुन्यासोबत गाव, तारीख, कशावर उगवली आणि कुणी गोळा केली, हे लिहिलेलं असतं.

बाजारातल्या मावशी जागा सहसा सांगत नाहीत. निदान त्या अळंबीला काय म्हणतात, ते विचारून तारखेसकट लिहून ठेवा.