पलंगावरचे इझल

फ्रिडा काहलो हे नाव आज जगभर चित्रकार म्हणून ओळखले जाते. पण तिला व्हायचे होते डॉक्टर.

मेक्सिको सिटीजवळच्या कोयोआकान येथे 6 जुलै 1907 रोजी तिचा जन्म झाला. सहाव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक राहिला. 1922 मध्ये शहरातल्या नॅशनल प्रिपरेटरी स्कूलमध्ये तिला प्रवेश मिळाला. सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांत मुली जेमतेम पस्तीस! तिथल्या खोडकर पण वाचनवेड्या मित्रांच्या टोळक्यात ती छान रमली.

17 सप्टेंबर 1925 रोजी एका शाळासोबत्याबरोबर ती घरी परतत असताना त्यांच्या बसला ट्रामने धडक दिली. बसचा लोखंडी दांडा तिच्या ओटीपोटातून आरपार गेला. पाठीचा कणा, कंबरेचे हाड आणि बरगड्या मोडल्या. उजव्या पायाला अकरा ठिकाणी फ्रॅक्चर झाले. महिनाभर इस्पितळ आणि नंतर घरी प्लास्टरमध्ये जखडलेले शरीर. अठराव्या वर्षी शिक्षण सुटले. घर शहरापासून दूर, त्यामुळे मित्रमंडळींचे येणेही विरळ झाले.

त्या उदास दिवसांत आईने झोपून चित्र काढता येईल असे इझल सुताराकडून करून घेतले आणि पलंगाच्या छतात आरसा बसवला. वडील फोटोग्राफर होते; त्यांनी आपले तैलरंग दिले. समोर दुसरे कोणी नसे, म्हणून ती स्वतःलाच रंगवू लागली. 1926 मधले पहिले आत्मचित्र तिने अपघाताच्या वेळी सोबत असलेल्या त्या मित्रालाच दिले. बहिणींची आणि मैत्रिणींचीही चित्रे काढली. पुढे अंगावरचे प्लास्टरसुद्धा तिने रंगवून टाकले.

1929 मध्ये चित्रकार दिएगो रिवेराशी तिचे लग्न झाले. 1943 पासून ती चित्रकला शिकवू लागली. तब्येतीमुळे कला-शाळेत जाणे जमेना, तेव्हा विद्यार्थीच तिच्या घरी येऊ लागले.

चित्रकलेने तिची दुखणी गेली नाहीत. शस्त्रक्रिया आयुष्यभर चालू राहिल्या. 1953 मध्ये मेक्सिकोतल्या तिच्या पहिल्या स्वतंत्र प्रदर्शनाला ती रुग्णवाहिकेतून गेली आणि दालनात मांडलेल्या पलंगावर पडूनच पाहुण्यांना भेटली. त्याच वर्षी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि ती पुन्हा खोल नैराश्यात गेली. तरी हातातला ब्रश सुटला नाही. शेवटच्या काळात तिने कलिंगडाच्या लालभडक फोडी रंगवल्या. 13 जुलै 1954 रोजी ती गेली.

मित्रमैत्रिणींनो, हाड मोडण्याचे, गुडघे बदलण्याचे वय आता आपल्याही दारात आले आहे. छंद हे औषध नव्हे, डॉक्टर हवेतच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उद्या सकाळी अर्धे राहिलेले काही पुरे करायचे असेल, तर रात्र थोडी सोपी जाते. आपल्यातले कोणी असे पडून असेल, तर भेटायला जाताना फळांबरोबर रंगपेटी, पेटी-तबला किंवा विणकामाची लोकरही न्यावी. आणि पहिल्या आठवड्यानंतरही जात राहावे.