विलार्ड गिब्ज

एखाद्या संशोधकाचे किती निबंध प्रसिद्ध झाले आणि इतर संशोधकांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, यावरून त्याची थोरवी मोजण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. जोसाया विलार्ड गिब्ज यांना त्यांच्या उमेदीच्या काळात ही मोजपट्टी लावली असती, तर त्यांच्या पदरी फारसे काही पडले नसते.

गिब्ज यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन या गावी झाला. त्यांचे वडील तेथील येल महाविद्यालयात धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. दातेरी चाकांच्या दातांचा आकार कसा असावा, या विषयावर प्रबंध लिहून गिब्ज यांनी १८६३ मध्ये येलमधूनच डॉक्टरेट मिळविली. पुढे पॅरिस, बर्लिन व हायडेलबर्ग येथे तीन वर्षे अध्ययन करून ते परतले. १८७१ मध्ये येलने त्यांना गणिती पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद दिले, पण वेतन मात्र दिले नाही! घरची मिळकत होती म्हणून निभावले. जवळजवळ नऊ वर्षांनी दुसऱ्या एका विद्यापीठाने त्यांना तीन हजार डॉलर देऊ केले, तेव्हा कोठे येलला जाग आली. येलने दोन हजार डॉलर देण्याचे मान्य केले आणि गिब्ज तेथेच राहिले.

त्यांचे पहिले शोधनिबंध १८७३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी प्रसिद्ध झाले. १८७५ ते १८७८ या काळात विषमांगी पदार्थांच्या समतोलावरील त्यांचा सुमारे तीनशे पानांचा निबंध दोन भागांत छापला गेला. तो प्रसिद्ध झाला कनेक्टिकटमधील एका स्थानिक विद्वत्‌मंडळाच्या नियतकालिकात. या छपाईचा खर्च मंडळाला पेलणारा नव्हता. तेव्हा प्राध्यापकांकडून व गावातील व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा करण्यात आली. ज्यांनी पैसे दिले, त्यांच्यापैकी तो निबंध समजू शकणारे क्वचितच कोणी असेल.

या निबंधातील एक नियम नित्याच्या अनुभवावरूनही समजून घेता येतो. बर्फ, पाणी आणि वाफ या एकाच पदार्थाच्या तीन प्रावस्था होत. पाणी आणि वाफ समतोलात एकत्र नांदत असतील, तर तापमान व दाब यांपैकी एकच गोष्ट आपल्या इच्छेनुसार ठरविता येते. दुसरी आपोआप ठरते. म्हणूनच उंच पर्वतावर, जेथे हवेचा दाब कमी असतो, तेथे पाणी कमी तापमानाला उकळते आणि डाळ लवकर शिजत नाही. तिन्ही प्रावस्था एकत्र हव्या असतील, तर ठरविण्यासारखे काहीच उरत नाही; तापमान व दाब दोन्ही निश्चित असतात. घटकांची संख्या आणि प्रावस्थांची संख्या यांवरून हे स्वातंत्र्य किती, ते सांगणारा हा प्रावस्था नियम होय. तो एका ओळीत मावतो.

असे असूनही रसायनशास्त्रज्ञांनी तो वाचला नाही. नियतकालिक अपरिचित होते, गणित कठीण होते आणि गिब्ज उदाहरणे देण्याच्या बाबतीत फार कंजूष होते. हा दोष त्यांच्याकडेच जातो. इंग्लंडमध्ये मॅक्सवेल यांनी मात्र त्यांचे मोल तत्काळ ओळखले. गिब्ज यांच्या आधीच्या निबंधावरून त्यांनी प्लास्टरची एक प्रतिकृती स्वतः घडविली आणि गिब्ज यांना भेट पाठविली. पण १८७९ मध्ये मॅक्सवेल निवर्तले आणि गिब्ज यांचा सर्वांत समर्थ वाचक हरपला. १८८२ मध्ये जर्मनीतील हेल्महोल्ट्झ यांनी मुक्त ऊर्जेची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. ती गिब्ज यांनी आधीच मांडली होती.

पुढे हॉलंडमधील रोझेबूम यांनी प्रावस्था नियम प्रयोगशाळेत वापरून दाखविला. ओस्टवाल्ड यांनी १८९२ मध्ये जर्मन आणि ल शातेलिए यांनी १८९९ मध्ये फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा हा ग्रंथतुल्य निबंध युरोपभर पोहोचला. रासायनिक अभिक्रिया आपणहून घडेल की नाही, हे ठरविणाऱ्या राशीला आज गिब्ज ऊर्जा म्हणतात. तिचे गणित करणारे विद्यार्थी मूळ निबंधाचा उल्लेख करीत नाहीत. त्याची आवश्यकताच कोणाला वाटत नाही.

१९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने गिब्ज यांना कोपली पदक दिले. १९०२ मध्ये सांख्यिकीय यामिकीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९०३ रोजी, न्यू हेवन येथेच त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. वडिलांच्या घरात, बहिणीच्या कुटुंबासमवेत त्यांनी अखेरपर्यंत वास्तव्य केले.